कोण लागलंय मागं?

पाच किलोमीटरच्या धावेतले साडेतीन झाले होते आणि मला थंडी वाजायला लागली. एप्रिल महिना, सकाळचे पावणेअकरा, समोर दौलताबादचा किल्ला उन्हात तापत उभा, आणि माझ्या दंडांवर काटा आलेला. पाय पडत होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. रस्त्याकडेला एक रसवंती होती. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज येत होता, मग तो फार लांबून यायला लागला, आणि त्यानंतरचं आठवतं ते थेट बाकडं. रसवंतीवाल्या मावशींनी माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं, दुसरा तांब्या हातात दिला आणि विचारलं, "काय रे बाळा, एवढ्या उन्हाचं पळतोय? कोण लागलंय मागं?"

मला उत्तर सुचलं नाही. मागं कोणीच नव्हतं. पैसे भरून, टी-शर्टचा साइज कळवून, मी स्वतःहून आलो होतो.

ती स्प्रिंट ट्रायथलॉन होती. म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं, सगळं एका दमात. छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, दौलताबाद रस्त्यावरच्या एका तरणतलावात पंचवीस मीटरच्या तीस फेऱ्या मारायच्या, मग सायकलवरून दौलताबादचा घाट चढून उतरायचा आणि शेवटी किल्ल्याच्या पायथ्याशी धावायचं. सहाला सुरू व्हायची स्पर्धा साडेआठला सुरू झाली. त्यात माझा शहाणपणा असा की चढावर वजन नको म्हणून पाण्याच्या दोन बाटल्यांतली एक मी तलावाशीच ठेवून दिली.

घरी आल्यावर दोन दिवस डोकं ठणकत होतं. स्क्रीनकडे बघवत नव्हतं, म्हणून पुस्तकं काढली. आपण ज्या रस्त्यावर बसकण मारली, त्या रस्त्यावर आधी कोण कोण पळालं होतं, एवढंच बघायचं होतं. पुढचं सगळं त्या वाचनातून आलेलं आहे.

तहानेचा प्रयोग

ट्रायथलॉन हा खेळ वयानं तसा लहान आहे. आज आपण ज्याला ट्रायथलॉन म्हणतो, त्या नावाची पहिली स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथं झाली. तिथल्या ट्रॅक क्लबच्या जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानाहान या दोघांनी ती भरवली. धावण्याच्या रोजच्या सरावाला कंटाळलेल्या लोकांसाठी एक गंमत, एवढंच तिचं स्वरूप होतं. चार वर्षांनी, १९७८ च्या फेब्रुवारीत, हवाईत पहिली आयर्नमॅन झाली. तिच्या मागं एक वाद होता : पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांच्यात जास्त तंदुरुस्त कोण? पंधरा जण निघाले, बारा पोचले. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि २०१९ मध्ये आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची स्पर्धा गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पोचली.

पण उन्हात आणि चढावर माणसं पळवण्याचा प्रकार त्याहून जुना आहे, आणि त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधलं आहे. तिथली मॅरेथॉन ३० ऑगस्टला, भर दुपारी तीनच्या सुमाराला सुरू झाली. तापमान ३२ अंशांच्या आसपास. चाळीस किलोमीटरची वाट टेकड्यांवरून जाणारी, कच्ची, आणि पुढं धावणाऱ्या मोटारी सगळी धूळ धावकांच्या नाकातोंडात उडवत होत्या. या पूर्ण वाटेवर पाणी जेमतेम एक-दोन ठिकाणी ठेवलेलं. चूक म्हणून नव्हे, ठरवून. आयोजक जेम्स सलिव्हन यांना पाण्यावाचून शरीर किती ताणतं हे बघायचं होतं. बत्तीस जण निघाले आणि चौदा जणांनी शर्यत पूर्ण केली. विल्यम गार्सिया नावाचा धावक रस्त्यात कोसळला. धुळीनं त्याच्या पोटातून रक्तस्राव झाला होता. विजेता थॉमस हिक्स याला त्याच्या मदतनिसांनी वाटेत ब्रँडी आणि स्ट्रिकनिन पाजलं होतं. स्ट्रिकनिन म्हणजे कुचल्यातलं विष.

हे वाचलं तेव्हा माझ्या दंडावरच्या काट्याचा अर्थ लागला. शरीराला थंड ठेवायचं तर रक्त त्वचेकडे न्यावं लागतं, आणि पळायचं तर तेच रक्त मांड्यांना लागतं. दोन्हीकडून मागणी आणि पुरवठा एकच. त्यात घामानं रक्तातलं पाणी कमी होत जातं. मराठवाड्याचं ऊन कोरडं, त्यामुळे घाम निघता क्षणी उडून जातो. मुंबई-गोव्याकडे शर्ट पिळून पाणी निघतं आणि माणूस सावध होतो. आपल्याकडे शर्ट कोरडा राहतो, त्यावर नुसते मिठाचे पांढरे नकाशे उमटतात आणि आपण ठीक आहोत असं वाटत राहतं. ज्या क्षणी थंडी वाजते, तो क्षण थांबण्याचा असतो. मी थांबलो म्हणणं खोटं होईल, मला थांबवलं गेलं.

दर तिसऱ्या हिश्शाला एक तंबू

माझ्या स्पर्धेचा सायकलचा टप्पा ज्या घाटातून गेला, तो रस्ता किल्ल्याच्या तटबंदीला धरून वर चढतो, जुन्या दरवाजातून पार होतो आणि कागजीपुऱ्यावरून खुलताबादकडे जातो. देवगिरीचं दौलताबाद झालं ते या रस्त्याच्या जोरावर. १३२७ च्या सुमारास महंमद बिन तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणायचं ठरवलं. पुढं काय झालं ते शाळेत आपण सगळ्यांनी हसत वाचलेलं असतं. त्या गोष्टीत एक भाग शाळेत सांगत नाहीत, तो म्हणजे रस्ता.

तो भाग इब्न बतूतानं लिहून ठेवला आहे. मोरोक्कोतल्या टँजियरचा हा प्रवासी १३३३ साली सिंधू ओलांडून आला, काही वर्षं दिल्लीत काझी होता, आणि १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला तेव्हा दौलताबादेवरून गेला. तो सांगतो की दिल्ली ते दौलताबाद ही वाट चाळीस दिवसांची आहे, तिच्या दुतर्फा झाडं आहेत, आणि चालणाऱ्याला आपण बागेतून जातोय असं वाटतं. मुक्कामाला लागेल ते सगळं वाटेवर मिळतं, जणू चाळीस दिवस बाजारातूनच चाललोय.

त्याहून नवलाची त्यानं सांगितलेली डाक. ती दोन प्रकारची होती. एक घोड्यांची, तिचं ठाणं दर चार मैलांवर. दुसरी पायी पळणाऱ्यांची, तिला तो 'दावा' म्हणतो. हा शब्द म्हणजे आपला 'धावा'च, असं अभ्यासक सांगतात. या डाकेत प्रत्येक मैलाचे तीन भाग केलेले, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी गावाबाहेर तीन तंबू. तंबूत कंबर कसून माणसं बसलेली. प्रत्येकाकडे दोन हात लांबीची काठी आणि तिच्या टोकाला तांब्याची घुंगरं. निघालेला माणूस एका हाताच्या बोटांत पत्र आणि दुसऱ्या हातात काठी धरून जीव खाऊन पळायचा. पुढच्या तंबूतल्या माणसाला आधी घुंगरं ऐकू यायची. तो उठून उभा राहायचा, पत्र झेलायचा आणि सुटायचा. ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा जलद होती, असं इब्न बतूता स्पष्ट म्हणतो. सिंधहून दिल्लीला यायला माणसाला पन्नास दिवस लागायचे, आणि हेरांचं पत्र पाच दिवसांत सुलतानाच्या हातात पडायचं.

मी इंजिनिअर असल्यानं इथं पुस्तक बाजूला ठेवून आकडेमोड केली. पन्नास दिवसांची वाट पाच दिवसांत होत असेल, तर चाळीस दिवसांची चार दिवसांत व्हायला हवी. दिल्ली ते दौलताबाद हे अंतर ढोबळमानानं बाराशे किलोमीटर धरू. बाराशे किलोमीटर, छप्पन्न आणि चाळीस, एकूण शहाण्णव तास : ताशी साडेबारा किलोमीटर. म्हणजे एक किलोमीटर चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत, रात्रंदिवस, चंबळच्या घळींतून, विंध्य आणि सातपुडा ओलांडून. सपाट रस्त्यावर, पहाटेच्या गारव्यात, नवे बूट घालूनही मला हा वेग पाच किलोमीटर टिकवता येत नाही.

त्यांना तो टिकवावा लागतच नव्हता. इब्न बतूताचा मैल आजच्या मैलाएवढा धरला तर एका माणसाच्या वाट्याला जेमतेम अर्धा किलोमीटर येतो, कोस धरला तर सुमारे एक किलोमीटर. म्हणजे अडीच ते पाच मिनिटांचं काम. हिशोब उलटा केला तर या एका रस्त्यावर बाराशे ते सव्वादोन हजार ठाणी लागतात, आणि ठाण्यावर तीनच माणसं धरली तरी साडेतीन ते साडेसहा हजारांवर पळणारे होतात. नेटवर्क शिकवताना आम्हाला पॅकेट आणि राउटरच्या आकृत्या दाखवल्या होत्या. दर अर्ध्या किलोमीटरवर कान टवकारून बसलेल्या माणसाची आकृती कोणी दाखवली नाही.

या साखळीतून पत्रांखेरीज काय जायचं? खुरासानची ताजी फळं. खाटेवर घातलेले मोठे गुन्हेगार. आणि सुलतान दौलताबादेत असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचं पाणी. गंगा तिथून चाळीस दिवसांच्या वाटेवर.

इथं मला पुन्हा ती तलावाशी ठेवून दिलेली बाटली आठवली. एका माणसाच्या घोटभर पाण्यासाठी हजारो माणसं ओळीनं उभी होती. त्या हजारांनी स्वतः कुठलं पाणी प्यायलं, हे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही.

त्याच रस्त्याची दुसरी बाजू झियाउद्दीन बरनी या दिल्लीकर इतिहासकारानं लिहिली आहे. राजधानी हलवताना जी माणसं दिल्लीहून निघाली, त्यांतली कित्येक वाटेतच मेली, आणि पोचलेल्यांनाही परमुलूख सोसला नाही, असं तो सांगतो. इब्न बतूतानं ऐकलेली कथा तर अंगावर येते : दिल्ली न सोडणाऱ्या एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत आणायचा हुकूम झाला, आणि इथं पोचला तो फक्त त्याचा पाय. ही कथा म्हणजे ऐकीव अतिशयोक्ती आहे, असं इतिहासकारांचं मत आहे. तरी ती पसरली, लोकांना ती खरी वाटली, यातूनच त्या रस्त्याचा दरारा कळतो.

म्हणजे झाडं होती, ठाणी होती, बाजार होता, आणि तरीही माणसं मेली. हे कसं? मला वाटतं, रस्ता पत्रासाठी बांधलेला होता, फळांसाठी बांधलेला होता. म्हाताऱ्यासाठी, लेकुरवाळीसाठी बांधलेला नव्हता. धावकाचा टप्पा लहान ठेवला होता तोही त्याची दया येऊन नव्हे. दमलेल्या माणसाच्या हातात पत्र मंदावतं, म्हणून दमायच्या आत माणूस बदलायचा. त्याचा जीव वाचत असेल तर तो जोडीला मिळालेला फायदा.

पाण्याचं गणित

मावशींच्या तांब्यातलं पाणी थंडगार होतं. माठातलं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी साठवणं, मोजणं, पुरवणं हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे. आणि अशा शहरात आम्ही तीस-चाळीस जण तलावभर पाण्यात हात मारत होतो, हेही त्या बाकड्यावर बसल्यावरच जाणवलं.

दौलताबादेचा तुघलकी डाव फसण्याच्या कारणांत पाणी हेही एक कारण सांगतात. किल्ल्यात आजही हत्ती हौद दिसतो. लांबी-रुंदीला जवळपास पन्नास मीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या तरणतलावाच्या लांबीशी पैज लावेल एवढा. एवढा मोठा हौद खोदावा लागतो तो पाणी मुबलक आहे म्हणून नाही. ते चार महिन्यांत पडतं आणि बारा महिने पुरवायचं असतं म्हणून.

हे गणित ज्यानं खऱ्या अर्थानं सोडवलं, तो इथला नव्हताच. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून हात बदलत दख्खनला आला आणि शेवटी निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० साली त्यानं खडकी वसवली. तेच पुढं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. बेसाल्टच्या कोरड्या माळावर शहर वसवायचं तर पाणी कुठून आणायचं? त्यानं उत्तरेकडच्या डोंगरातलं भूजल जमिनीखालच्या नहरीतून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. मध्ये मध्ये हवेसाठी आणि साफसफाईसाठी विहिरीसारखी तोंडं ठेवली. पंप नाही, मोट नाही. वरचं ऊन त्या पाण्याला लागतच नाही. ही नहर-ए-अंबरी. तिच्या पावलावर पाऊल ठेवून पुढं आणखी नहरी झाल्या, आणि त्यांतल्याच एका नहरीच्या पाण्यावर १७४४ साली पाणचक्की फिरू लागली.

मुघलांशी लढतानाही अंबरानं उन्हाचा आणि घाटाचा हिशोब मांडला होता. हलक्या मराठी घोडदळानं रसद तोडायची, शत्रूला पाण्यापासून लांब झुलवत ठेवायचं आणि समोरासमोरची लढाई टाळायची. १६२६ मध्ये तो वारला. माझी सायकल ज्या चढावर रडत होती तो चढ संपला की खुलताबादला त्याची कबर आहे. स्पर्धेच्या नकाशात तिथून बरंच अलीकडे 'यू टर्न' लिहिलेलं होतं.

नऊ दिवसांची बोली

आता एकशे पस्तीस वर्षं पुढं येऊ. १४ जानेवारी १७६१, पानिपत. ही बातमी दख्खनला कशी पोचली, याची एक हकिकत ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. नर्मदेच्या आसपास त्यांच्या लष्कराला एक कासीद भेटला. तो सावकारांच्या नोकरीतला होता, आणि पानिपतहून नऊ दिवसांत औरंगाबादला पत्र पोचवायची त्याची बोली होती. पेशव्यांनी ते पत्र फोडलं. आत सावकारी भाषेत तोट्याचा हिशोब होता : मोती किती गेले, मोहरा किती गेल्या, आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही. मोती म्हणजे कोण, हे पेशव्यांना सांगावं लागलं नाही. एक त्यांचा मुलगा विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर नानासाहेब गेले.

ही गोष्ट आपण नेहमी त्या पत्रातल्या सांकेतिक भाषेसाठी सांगतो. मी या वेळी ती पत्त्यासाठी वाचली. पत्र औरंगाबादला निघालं होतं. इथल्या कुठल्यातरी पेढीवर कोणीतरी त्याची वाट बघत होतं, कारण युद्धाचा निकाल म्हणजे हुंड्यांचा भाव. आणि राज्याच्या धन्याच्या आधी राज्य बुडाल्याची खबर सावकाराच्या कासदाकडे होती.

पुन्हा आकडेमोड. पानिपत ते औरंगाबाद साधारण तेराशे किलोमीटर. नऊ दिवसांत म्हणजे रोज एकशे चव्वेचाळीस, म्हणजे चोवीस तास न थांबता ताशी सहा. एका माणसाच्या दोन पायांचं हे काम नाही, साखळीचंच आहे. मराठी कागदपत्रांत जासूद बहुतेक जोडीनं येतात. जोडीची सोय उघड आहे : एक आजारी पडला, मारला गेला, तरी दुसरा पोचावा. आम्ही याला रिडंडन्सी म्हणतो आणि त्यासाठी दुसरा सर्व्हर भाड्यानं घेतो. तेव्हा त्यासाठी दुसरा माणूस असायचा.

पेशव्यांसमोर उभ्या राहिलेल्या त्या कासदाचं नाव इतिहासात नाही. मोत्यांची नावं आहेत, मोहरांतल्याही पुष्कळांची आहेत. तो मात्र त्याच्या स्वतःच्या पत्राच्या भाषेत सांगायचं तर तांब्याच्या खुर्द्यात गेला.

अनवाणी

पळणाऱ्याचं नाव लिहून ठेवायची वेळ आपल्याकडे विसाव्या शतकात आली. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना सुरू झाला. १९१९ च्या सुमारास तिथल्या मैदानी स्पर्धा बघायला जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा आले. मैदानात बहुतेक शेतकऱ्यांची पोरं होती आणि ती अनवाणी पळत होती. नियमांची त्यांना धड माहिती नव्हती, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावकांच्या वेळांशेजारी ठेवण्यासारख्या होत्या. दोराबजींनी मुंबईच्या गव्हर्नरामार्फत खटपट केली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा सहा जणांचा चमू गेला.

त्यातले बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. सगळा सराव उन्हाचा, आणि अँटवर्पला २२ ऑगस्टच्या दिवशी थंडी आणि पाऊस. त्या वर्षीची मॅरेथॉनही नेहमीपेक्षा लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. चौगुले दोन तास, पन्नास मिनिटं आणि पंचेचाळीस सेकंदांत पोचले. एकोणिसावे. याच चमूतले रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं.

मला त्या एकोणिसाव्या क्रमांकात एक गोष्ट मोठी वाटते. सहाशे वर्षं या मुलखात माणसं पळाली ती कोणाचं तरी पत्र, कोणाचं तरी फळ, कोणाची तरी बोली घेऊन. चौगुल्यांच्या हातात काही नव्हतं. ते पोचले ही बातमी होती आणि ती त्यांचीच होती. खेळ म्हणून पळणं ही केवढी चैन आहे, हे पैसे भरून पळणाऱ्या माझ्यासारख्याला सहसा लक्षात येत नाही.

नकाशात ऊन नाही

इथपर्यंत वाचून होईतो माझं डोकं थांबलं होतं आणि सोमवार आला होता.

मी घरून काम करतो. ज्या कंपनीसाठी करतो, ती घरपोच वस्तू पोचवणाऱ्यांना सॉफ्टवेअर पुरवते. तुमच्या फोनवर 'इतक्या मिनिटांत पोचेल' असं जे दिसतं, तसला आकडा काढणाऱ्या कोडचा एक तुकडा माझ्याकडे आहे. त्यात अंतर आहे, सिग्नल आहेत, त्या वेळची रहदारी आहे, अगदी चढही आहे. सोमवारी मी तो कोड दोन वर्षांत पहिल्यांदा वेगळ्या नजरेनं वाचला. त्यात ऊन नव्हतं. मे महिन्यातली दुपारची अडीचची वेळ आणि डिसेंबरमधली दुपारची अडीचची वेळ, दोन्हींना आमचा आकडा एकच येत होता. पाणी प्यायला थांबलेला माणूस आमच्या पडद्यावर 'उशीर' या रकान्यात लाल दिसत होता.

तुघलकाला धावकांची दया नव्हती, पण दमलेला माणूस हळू होतो एवढं त्याच्या व्यवस्थेला कळत होतं, म्हणून दर तिसऱ्या हिश्शाला तंबू होता. सेंट लुईसच्या आयोजकांना ते कळत होतं आणि तरी त्यांनी पाणी काढून घेतलं, कारण त्यांना बघायचं होतं. आम्ही या दोघांत कुठं बसतो, हे ठरवणं मला अवघड गेलं. आम्ही पाणी काढून घेतलेलं नाही. आम्ही ते मोजलेलंच नाही.

मी एक तिकीट लिहिलं. पारा चाळीसच्या वर गेला की दर फेरीला काही मिनिटं जास्त धरावीत, आणि सावलीत थांबलेला वेळ उशिरात मोजू नये. वरिष्ठांनी वाचलं. ते चिडले नाहीत. "मुद्दा बरोबर आहे, पण ग्राहकाला जास्त मिनिटं दिसली तर तो दुसरीकडे जाईल, त्याचं काय?" एवढंच विचारलं. प्रश्न रास्त होता. सावकारानंही नऊ दिवसांची बोली अशाच कारणानं केली असणार. दहा दिवस म्हणणाऱ्याला पत्र मिळालं नसतं. ते तिकीट अजून उघडं आहे. दर पंधरा दिवसांनी ते पुढच्या यादीत सरकतं. मी दर वेळी त्याखाली त्या दिवसाचं तापमान लिहितो.

मेमध्ये एका रविवारी मी स्कूटरवरून दौलताबादला गेलो. मावशींनी ओळखलं. "आज न्हाई पळायचं?" म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत चरक सुरू केला. घुंगरं वाजायला लागली. बाकड्यावर माझ्याशेजारी एक पार्सलवाला पोरगा बसला होता. पाठीवर चौकोनी मोठी बॅग, तोंडाला रुमाल गुंडाळलेला, बाइक लिंबाच्या सावलीत लावलेली. त्यानं दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यानं बघितलं, ग्लास खाली ठेवला आणि उठला.

"अरे, संपव तरी!" मावशी मागून ओरडल्या.

तो हसला, हात हलवला आणि घाटाकडे निघून गेला. अर्धा ग्लास तसाच होता. दोनला दहा कमी होते. मी फोन काढून तापमान बघितलं : एकेचाळीस.